मुंबईत भाड्याचे घर शोधणाऱ्या नागपूरकरांसाठी

दरवर्षी मे-जून महिन्यांत आमच्या प्रतापनगरातल्या एखाद्या तरी घरातून मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठी मुंबईला निघते, आणि त्याच आठवड्यात त्या घरचे कोणीतरी माझ्याकडे येऊन विचारते की मुंबईत घर कसे शोधायचे. माझी मुलगी सहा वर्षांपूर्वी तिकडे गेली. तिचे पहिले घर आम्ही एप्रिलमध्ये पाहिले. नवा रंग, स्वच्छ फरशी आणि पश्चिमेची मोठी खिडकी पाहून त्याच दिवशी होकार दिला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच पश्चिमेच्या भिंतीवर काळी बुरशी चढली, कपाटातले कपडे हाताला ओले लागू लागले, आणि करारात लॉक-इनची, म्हणजे ठरावीक महिने घर न सोडण्याची, अट असल्यामुळे तिला संपूर्ण पावसाळा त्याच घरात काढावा लागला. आम्ही घर नागपूरच्या नजरेने पाहिले होते. रस्ता किती फुटांचा, बोअरला पाणी आहे का, दुपारचे ऊन कोणत्या भिंतीवर येते, हे प्रश्न आपल्या लेआऊटमधल्या प्लॉटसाठी बरोबर आहेत; समुद्रकाठच्या शहरात ते जवळपास निरुपयोगी ठरतात. तेथे पाऊस, लोकल आणि सोसायटी या तीन गोष्टींवर घराचे सुखदुःख ठरते. त्यानंतर तिच्यासाठी आणि शेजारपाजारच्या मुलांसाठी मिळून बरीच घरे पाहिली, करार वाचले, सोसायट्यांच्या सेक्रेटरींशी बोलणे झाले. त्यातून जे कळले ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी लाइन, मग घर

नागपुरात आपण पत्ता चौकाने सांगतो. शंकरनगर चौक, अजनी चौक, मेडिकल चौक म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जागा उभी राहते. मुंबईत पत्ता स्टेशनाने सांगतात, आणि स्टेशनाच्या नावाइतकेच महत्त्व पूर्व की पश्चिम या शब्दाला असते. नकाशावर घर स्टेशनापासून अगदी जवळ दिसते, पण ते पूर्वेला आणि आपली रिक्षा पश्चिमेला अशी गत झाली, तर पूल किंवा सबवे गाठून वळसा घालण्यातच वेळ जातो. शिवाय रिक्षा पश्चिम उपनगरांत वांद्र्यापर्यंत आणि मध्य मार्गावर सायनपर्यंतच चालतात; त्याच्या दक्षिणेला बस, टॅक्सी किंवा पायी चालणे एवढेच पर्याय राहतात.

म्हणून घराची जाहिरात उघडण्यापूर्वी कार्यालय कोणत्या रेल्वेमार्गावर आहे ते निश्चित करावे. पश्चिम मार्ग चर्चगेटहून विरार आणि पुढे डहाणूपर्यंत जातो. मध्य मार्ग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून ठाणे, कल्याणपर्यंत जाऊन तेथे कसारा आणि कर्जत असा फुटतो. हार्बर मार्ग वाशी, पनवेलकडे जातो. आणि ठाण्याहून वाशी, पनवेलकडे जाणारा ट्रान्स-हार्बर मार्ग ऐरोली, घणसोली, महापेच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या उपयोगाचा आहे. माझा आग्रह असा आहे की घर आणि कार्यालय शक्यतो एकाच मार्गावर असावे. दोन हजार रुपये भाडे वाचते म्हणून पश्चिम आणि मध्य मार्ग जेथे भेटतात त्या दादरला रोज दोनदा गाडी बदलण्याची तयारी नवखी मुले उत्साहात दाखवतात, पण सकाळी नऊ वाजता दादरच्या पुलावरून एकदा चालून पाहिल्यावर तो हिशेब बदलतो. ज्या स्टेशनावरून लोकल सुटतात, उदाहरणार्थ बोरिवली, विरार, ठाणे किंवा कल्याण, तेथे राहणाऱ्याला चढायला आणि कधी कधी बसायलाही जागा मिळते. आतापर्यंत काही मार्गांवर मेट्रोही आली आहे, तेव्हा कार्यालय मेट्रोच्या जवळ असेल तर तो विचार आधी करावा.

घर पाहायला बहुतेक जण रविवारी जातात. रविवारी मेगाब्लॉकमुळे, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी वाहतूक बंद ठेवल्यामुळे, गाड्या कमी असतात आणि नोकरदारांची गर्दीही नसते, त्यामुळे खरा प्रवास कळतच नाही. नागपूरहून विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत पोहोचते. प्रवासाची तारीख अशी निवडावी की पुढचा दिवस कामाचा असेल, आणि त्या दिवशी सकाळी साडेआठला त्या स्टेशनावरून कार्यालयापर्यंतचा प्रवास मुलाने किंवा मुलीने स्वतः करून पाहावा. सोबत आलेल्या आईवडिलांनीही तो करावा, कारण पुढे फोनवर ‘उशीर का झाला’ हा प्रश्न विचारण्याची वेळ फारशी येत नाही.

घर पावसाच्या नजरेने पाहणे

या भागावर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण आपली फसगत येथेच होते. नागपुरात वर्षभरात साधारण १,००० ते १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत २,२०० मिलिमीटरहून अधिक पडतो. आपल्याकडे दोन सरींच्या मध्ये ऊन पडते आणि भिंती वाळतात. मुंबईत भिंतींना वाळायला उसंत मिळत नाही, आणि नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येऊन पश्चिम व दक्षिण बाजूच्या भिंतींवर आदळतो. आपण ज्या पश्चिमेच्या खिडकीला संध्याकाळचा वारा येईल म्हणून खूश होतो, त्याच खिडकीवर रुंद छज्जा नसेल तर चार महिने पाणी आत येते. शक्य असेल तर घर जुलैच्या उत्तरार्धात, पाऊस सुरू असताना पाहावे. ते शक्य नसेल तर कोरड्या दिवसांतही ओलीच्या खुणा ओळखता येतात.

खोलीत शिरल्यावर आधी वर पाहावे. छताच्या कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीभोवती आणि विशेषतः न्हाणीघराच्या छतावर पिवळसर डाग आहेत का ते तपासावे; वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराची गळती तेथेच उतरते. भिंतीवर लोणा लागला असेल, म्हणजे पांढरी भुकटी सुटत असेल, तर त्या भिंतीतून पाणी येऊन वाळत असते. एकाच भिंतीला ताजा रंग आणि बाकीच्यांना जुना, असे दिसले की कारण विचारावे. बोटाच्या पेरांनी गिलावा ठोकून पाहावा; पोकळ आवाज आला तर तो सुटलेला आहे. कपाटाचे दार उघडून नाक आत घालावे, कारण रंगाखाली डाग झाकता येतो, पण बंद कपाटातला कुबट वास झाकता येत नाही. सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जाण्याची छिद्रे असतात. ती सिमेंटने किंवा मळाने बुजलेली असतील तर पावसाचे पाणी खोलीत येणारच.

छताच्या किंवा बीमच्या सिमेंटवर तपकिरी रेघा आणि त्यांच्या बाजूने लांब भेगा दिसल्या, तर ती गोष्ट ओलीपेक्षा गंभीर आहे. समुद्रावरच्या हवेत मीठ असते. त्यातले क्लोराइड ओलाव्याबरोबर काँक्रीटमध्ये शिरून आतल्या सळ्यांना गंज चढवते, गंजलेली सळई फुगते, आणि फुगताना भोवतालचे काँक्रीट फोडते. मग स्लॅबचे पोपडे पडू लागतात. नागपूरच्या कोरड्या हवेत चाळीस वर्षे उभे असलेले घर आपल्याला साधारण धडधाकट दिसते, म्हणून आपण इमारतीचे वय विचारत नाही. मुंबईत ते विचारलेच पाहिजे. तीस वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, करणे मुंबई महानगरपालिका कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा ‘इमारतीचे ऑडिट कधी झाले आणि त्यात काय निघाले’ हा प्रश्न सेक्रेटरीला निःसंकोच विचारावा. अतिधोकादायक ठरलेल्या इमारतीला सी-१ असा वर्ग दिला जातो, म्हणजे ती रिकामी करून पाडण्याजोगी मानली जाते; पावसाळ्यापूर्वी महापालिका अशा इमारतींची यादी जाहीर करते आणि शहर भागातल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींची यादी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ जाहीर करते. भाडे फारच कमी सांगितले तर या याद्या पाहिल्याशिवाय टोकन, म्हणजे घर अडवून ठेवण्याची आगाऊ रक्कम, देऊ नये.

मजल्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तळमजला आणि सर्वांत वरचा मजला दोन्ही टाळावेत. पहिल्याला रस्त्यावरचे पाणी आणि दुसऱ्याला गच्चीचे पाणी. वरच्या मजल्यावरचेच घर घ्यायचे असेल, तर गच्चीवर पत्र्याची शेड आहे का ते पाहावे. ती असेल तर सोसायटीने गळतीवर निदान पैसे खर्च केले आहेत असे समजावे.

आता रस्त्यावरच्या पाण्याविषयी. मुंबई मुळात सात बेटे भराव घालून जोडून झालेली आहे आणि तिचे अनेक भाग समुद्राच्या भरतीच्या पातळीला किंवा त्याच्याही खाली आहेत. पावसाचे पाणी नाल्यांतून समुद्रात जाते, पण भरती मोठी असेल तर समुद्राचे पाणीच नाल्यात उलटे येऊ पाहते आणि पावसाच्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणूनच जोरदार पाऊस आणि साडेचार मीटरहून उंच भरती एकाच वेळी आली की हिंदमाता, किंग्ज सर्कल, सायन, कुर्ला, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावे बातम्यांत येतात. मोठ्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्यापूर्वीच जाहीर करते. ती यादी छापून दारामागे चिकटवून ठेवावी आणि त्या दिवशी शक्य असल्यास घरूनच काम मागून घ्यावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, म्हणजे नागपूरच्या जवळपास वर्षभराचा पाऊस एका दिवसात. त्या दिवशी पाणी कुठपर्यंत आले होते, हे त्या गल्लीतला किराणा दुकानदार आजही हात दाखवून सांगतो. घरमालकाला किंवा एजंटला न विचारता त्यालाच विचारावे. दुकानांचे ओटे रस्त्यापासून उंच बांधलेले, विजेचे मीटर भिंतीवर नेहमीपेक्षा वर बसवलेले, कंपाउंडच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर मळकट रेघ, या खुणाही तेच सांगतात. मिठी नदीच्या काठालगतच्या वस्त्यांत तर ही चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊच नये.

पिण्याचे पाणी हा दुसरा प्रश्न. आपल्याला पेंच आणि कन्हानच्या पाण्याची सवय आहे, आणि जुन्या घरांत विहीर किंवा बोअर असतेच. मुंबई तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा या सात जलाशयांवर जगते, आणि साठा खालावला की पाणीकपात लागू होते. बहुतेक भागांत पाणी ठरावीक तासांपुरतेच येते. सोसायटी ते जमिनीखालच्या टाकीत साठवून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवते. घर पाहताना नळ उघडून पाणी आले एवढ्यावर समाधान मानू नये. पाणी किती वाजता येते, किती वेळ येते आणि एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावे लागतात का, हे वॉचमनला विचारावे. टँकरचा खर्च देखभाल शुल्कात येतो की भाडेकरूकडून वेगळा घेतला जातो, हे आधीच ठरवून घ्यावे.

कागद

नागपुरात फ्लॅट घेताना आपण आखीव पत्रिका, म्हणजे जमिनीच्या मालकीचा उतारा, मागतो, पण भाड्याने देता-घेताना मात्र अकरा महिन्यांचा करार साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केली की काम झाले असे समजतो. ही समजूत नागपुरातही चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठरावीक मुदतीपुरते वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे, आणि करार नोंदवलेला नसेल तर वाद झाल्यावर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते, तेव्हा मुदतीची तारीख मुलांनी कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

नोंदणीचा खर्च लोकांना वाटतो तितका नाही. मुद्रांक शुल्क संपूर्ण मुदतीच्या भाड्यावर, परत न मिळणाऱ्या ठेवीवर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या वार्षिक दहा टक्के व्याजावर मिळून ०.२५ टक्के असते. समजा भाडे ३०,००० रुपये, मुदत अकरा महिने आणि डिपॉझिट १,००,००० रुपये. भाड्याचे ३,३०,००० आणि डिपॉझिटवरच्या व्याजाचे सुमारे ९,१६७ मिळून ३,३९,१६७ रुपये होतात, आणि त्यावर शुल्क साडेआठशे रुपयांच्या आसपास येते. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये आहे. एजंट याच कामासाठी चार-पाच हजार सांगत असेल, तर वरची रक्कम त्याचा मेहनताना आहे हे समजून घासाघीस करावी. आता ही नोंदणी आधारच्या अंगठ्याने घरबसल्या होते, आणि नेमक्या त्याच सोयीमुळे मुले करार न वाचता यंत्रावर बोट ठेवतात. बोट ठेवण्यापूर्वी डिपॉझिटची रक्कम, नोटिशीची मुदत, लॉक-इनचे महिने, भाडेवाढीचा दर, देखभाल शुल्क कोण भरणार, आणि गळती झाल्यास दुरुस्ती कोणी व किती दिवसांत करायची, ही सहा कलमे मोठ्याने वाचून घ्यावीत. गळतीचे कलम छापील मसुद्यात नसते. ते आपण आग्रहाने घालून घ्यावे. ‘पावसाळ्यात घर राहण्यायोग्य न राहिल्यास लॉक-इन लागू राहणार नाही’ हे एक वाक्य आमच्या पहिल्या करारात असते, तर माझ्या मुलीचे तीन महिने वाचले असते.

पैसे देण्यापूर्वी घर खरोखर समोरच्याचे आहे की नाही ते पाहावे. सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, वीज बिल आणि इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या खरेदीखताचा उतारा) या तिन्हींवरचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव एकच असावे. पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन जुन्या भाडेपद्धतीने घेतलेल्या, खोलीत राहणारा माणूस इमारतीचा मालक नसतो, आणि मालकाच्या लेखी संमतीशिवाय त्याला ती खोली दुसऱ्याला देता येत नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या सदनिकाही ठरावीक वर्षे भाड्याने देण्यास मनाई असते, आणि स्वस्त घर म्हणून नवख्यांना त्याच दाखवल्या जातात. घर प्रत्यक्ष पाहण्याआधी फोनवरून टोकन मागणाऱ्याशी बोलणे तिथेच थांबवावे. एजंटची दलाली साधारण एक महिन्याच्या भाड्याएवढी असते. कराराचे नूतनीकरण करताना ती पुन्हा द्यावी लागेल का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. भाडे नेहमी बँकेतून द्यावे, आणि वर्षाचे भाडे एक लाखाहून अधिक असेल तर घरभाडे भत्त्याची करसवलत घेण्यासाठी घरमालकाचा पॅन लागतो, तो करारातच लिहून घ्यावा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवणे घरमालकाचे काम आहे; त्याची पोच मागून जवळ ठेवावी.

सोसायटी

नागपुरातल्या बहुतेक फ्लॅट स्कीम अपार्टमेंट मालकी अधिनियम १९७० खाली येतात. तेथे फ्लॅटधारक आपल्या फ्लॅटचा थेट मालक असतो आणि सामाईक कामे चार लोक गच्चीवर बसून ठरवतात. मुंबईत मात्र बहुतेक इमारती सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत, त्यांना सहकारी संस्था अधिनियम १९६० लागू होतो, आणि सेक्रेटरी, खजिनदार, उपविधी, वार्षिक सर्वसाधारण सभा ही तेथील रोजच्या बोलण्यातली भाषा आहे. भाडेकरूला त्या सभेत मत नसते, पण तिने केलेले नियम मात्र लागू असतात. सदस्याने घर भाड्याने देण्यापूर्वी सोसायटीला कळवायचे असते, आणि स्वतः न राहता घर दिल्याबद्दल सोसायटी त्याच्याकडून ना-वापर शुल्क घेते. हे शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे. ते भरायचे असते सदस्याने. भाडेकरूच्या नावाने वेगळी पावती फाडली जात असेल तर तो नियम दाखवावा. गळतीचेही तसेच आहे. गच्ची, बाहेरची भिंत आणि सामाईक नळ यांतून येणारे पाणी थांबवणे सोसायटीचे काम, आणि वरच्या घराच्या न्हाणीघरातून येणारे पाणी त्या सदस्याचे. भाडेकरूने तक्रार घरमालकाला लिहून द्यावी आणि त्याने ती सोसायटीकडे पाठवावी. थेट सेक्रेटरीशी वाद घालून काही निष्पन्न होत नाही.

अविवाहित मुलांना घर देणे, रात्री पाहुणे येणे, मांसाहार, पाळीव प्राणी, सामान चढवण्याची वेळ आणि लिफ्टचे शुल्क, याबाबत सोसायटीचे किंवा घरमालकाचे आग्रह असतात. ते मनाला पटोत वा न पटोत, ते पहिल्याच फोनवर विचारून घ्यावेत, कारण सामानाचा टेम्पो दारात उभा असताना ते कळले तर माणूस हतबल होतो. घरात किती जण राहणार हा आकडा करारात लिहावा आणि आईवडील वर्षातून काही दिवस येऊन राहतील हेही लिहावे.

सामान

डेझर्ट कूलर नागपुरातच ठेवावा. कूलर गार हवा देतो ती पाणी उडून जाताना उष्णता शोषली जाते म्हणून, आणि पाणी उडायला हवा कोरडी लागते. मेमधल्या नागपूरच्या हवेत ते झपाट्याने उडते, मुंबईच्या दमट हवेत कूलर खोली फक्त ओली करतो. लोखंडी पलंग आणि साधे लोखंडी कपाट खाडीच्या किंवा समुद्राच्या जवळच्या घरात लवकर गंजते. लाकडी कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवावे, म्हणजे मागे वारा खेळतो. आपल्याकडे वर्षाचे धान्य भरण्याची पद्धत आहे, पण तेथे दोन महिन्यांहून अधिक चिन्नोर तांदूळ किंवा तुरीची डाळ पाठवू नये. पाठवायचीच तर घट्ट झाकणाच्या डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पाठवावी. पापड, कुरडया, सरगुंडे, मुगवड्या ही उन्हाळ्यातली वाळवणे नागपूरच्या उन्हात कडकडीत वाळवून हवाबंद पिशव्यांत लहान लहान वाटे करून द्यावीत, म्हणजे एक पिशवी उघडली तरी बाकीची सादळत नाहीत. वीजपुरवठा शहर भागात बेस्टचा, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानीचा, आणि भांडुप-मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, कल्याणकडे आपल्या ओळखीच्या महावितरणचा आहे. घर ताब्यात घेताना मीटरचा फोटो काढून मागील थकबाकी नाही याची खात्री करावी.

शेजार

नागपुरात जाता जाता काकूंच्या घरी डोकावता येते आणि ‘चहा घेऊन जा’ हे वाक्य न बोलताही ऐकू येते. मुंबईत दोन-दोन तास प्रवास करून आलेल्या माणसाचे दार बंद असते. आपल्याकडून गेलेल्या मुलांना तो परकेपणा वाटतो, पण बहुधा तो थकवा असतो. मी मुलांना सांगते की पहिल्या रविवारी संत्रा बर्फीचा डबा घेऊन त्याच मजल्यावरच्या घरांत, सेक्रेटरींकडे आणि वॉचमनदादांकडे जाऊन यावे, आपले नाव आणि काम सांगावे, आणि पाच मिनिटांत परत यावे. शेजारच्या एका विश्वासू घरी किल्ली ठेवावी, कारण कार्यालयात असताना आभाळ फुटले आणि खिडकी उघडी राहिली असेल, तर ती बंद करायला दुसरे कोणी येत नाही. माझ्या मुलीच्या दुसऱ्या घरी शेजारच्या मावशींनी असे दोनदा केले, आणि त्या ओळखीच्या आधारावर पुढे तिच्या तापाच्या आजारपणाचे दिवसही निघून गेले.

गणपतीची वर्गणी मागायला येण्याआधीच द्यावी आणि आरतीच्या वेळी उभे राहण्याऐवजी काम मागून घ्यावे. भाडेकरूला मत नसले तरी सांस्कृतिक समितीला हात हवेच असतात. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत बसला, आणि आजही ज्या इमारतींत गणपती बसतो तेथे लोकांची ओळख त्या दहा दिवसांत होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र मुलांचा फोन हमखास येतो, कारण मारबत, म्हणजे आपल्याकडची पुतळ्यांची मिरवणूक, तेथे निघत नाही. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवायचे असेल तर गच्चीला कुलूप असते हे लक्षात घेऊन सेक्रेटरींची परवानगी आठवडाभर आधी मागावी.

वरळी, माहीम, वेसावे अशा भागांत घर घेतल्यास कोळीवाडा शेजारी असतो. सुकत घातलेल्या मासळीचा वास ज्यांना सहन होत नाही त्यांनी तेथे घर घेऊ नये, पण घेऊन मग तक्रारी करू नयेत. ते लोक या शहराचे मूळ रहिवासी आहेत आणि नारळी पौर्णिमेला त्यांच्या अंगणात आपले स्वागतच होते. भेटीला येणाऱ्या आईवडिलांचा दिवस कसा जाईल ही चिंता असेल, तर दादरला १८९८ पासूनचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि विलेपार्ल्यात १९२३ पासूनचा लोकमान्य सेवा संघ आहे. ६ डिसेंबरच्या आगेमागे मुंबईला यायचे असेल तर तिकीट बरेच आधी काढावे. महापरिनिर्वाण दिनानिमित्त चैत्यभूमीला जाणाऱ्या अनुयायांमुळे नागपूरहून सुटणाऱ्या गाड्या तेव्हा भरलेल्या असतात.

घर सोडताना

डिपॉझिट परत मिळण्याची तयारी घरात शिरण्याच्या दिवशीच करायची असते. त्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, खिडकीचा आणि जुन्या डागांचा व्हिडिओ काढून घरमालकाला पाठवावा, म्हणजे ओलीने गेलेला रंग पुढे आपल्या माथी मारला जात नाही. सोडायचे ठरल्यावर करारात असेल तितक्या दिवसांची नोटीस ईमेलने द्यावी, तोंडी सांगून थांबू नये. शेवटच्या महिन्याचे भाडे डिपॉझिटमधून वळते करून घ्या असे अनेक मुले सांगतात; मी तसे करू देत नाही, कारण मग वजावटींचा हिशेब घरमालक एकटाच करतो. शेवटच्या दिवशी घरमालक किंवा त्यांचा माणूस समोर असताना मीटरचे रीडिंग लिहावे, गॅस आणि विजेची बिले भरल्याच्या पावत्या दाखवाव्यात, पहिल्या दिवसाचा व्हिडिओ सोबत लावून खोल्या दाखवाव्यात, आणि डिपॉझिट खात्यात जमा झाल्याचा संदेश मोबाइलवर आल्यानंतर किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हाती द्यावा.